श्रीमंतांचा कर : पगार आणि भांडवली नफा

आयकराचा बहुतांश भार मूठभर श्रीमंतच उचलतात, हा नेहमीचा मुद्दा आयकर विवरणपत्रांपुरता मान्य केला, तरी त्यांत कोणते उत्पन्न कोणत्या दराने येते, हे पाहिल्यावाचून निष्कर्ष काढता येणार नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ५० लाख रुपये पगार असणाऱ्याला प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वगळली जाणारी ठरावीक रक्कम) घेऊनही उपकरासह (करावर लागणाऱ्या जादा आकारणीसह) सुमारे ११ लाख रुपये कर बसतो, आणि तो कापूनच पगार हाती पडतो. सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेले, शेअर वर्षाहून अधिक काळ बाळगून विकल्यावर तेवढाच भांडवली नफा झाला, तर पहिल्या सव्वा लाखावर कर नाही आणि उरलेल्यावर साडेबारा टक्के. म्हणजे दुसरे उत्पन्न नसल्यास साडेसहा लाखांच्या आत भागते. शेअर विकलेच नाहीत, तर वाढलेल्या किमतीवर छदामही द्यावा लागत नाही, आणि पैशांची निकड भासलीच तर तेच शेअर तारण ठेवून कर्ज मिळते.

वारशावरील मालमत्ता शुल्क १९८५ साली गेले, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. त्याची वसुली जेमतेम हजार कोटींच्या घरात होती, हे खरे. पण त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांच्या आयकरावर जो दोन टक्के जादा अधिभार (करावरील कर) आला, तोही अखेर उत्पन्नाशीच निगडित, साठवलेल्या संपत्तीशी नव्हे. बड्या बागायतदारांच्या करमुक्त उत्पन्नाबद्दल तर कोणताच पक्ष तोंड उघडत नाही.