लेमन लॉच्या सेटलमेंटवर टॅक्स लागतो का?

भटक्या
मंडळी, मी कॅलिफोर्नियात असतो. २०२३ ला ३८ हजार डॉलरला नवी कोरी गाडी घेतली आणि पहिल्या महिन्यापासून ट्रान्समिशन आचके द्यायला लागलं, सिग्नलवरून निघताना मागून कोणीतरी ढकलल्यासारखं व्हायचं. चारदा डीलरकडे टाकली, चारही वेळा कागदावर 'दोष आढळला नाही'. शेवटी लेमन लॉखाली, म्हणजे सदोष गाडीची भरपाई मिळवून देणाऱ्या कायद्याखाली, वकील धरला, कंपनीने ९ हजार दिले आणि गाडी आमच्याच गळ्यात. आता बायको म्हणते हे इन्कम आहे, मी म्हणतो माझेच पैसे मला परत मिळाले त्यात इन्कम कसलं. तेवढ्यात कंपनीकडून १०९९-मिस्क (दिलेले पैसे टॅक्स खात्याला कळवायचा फॉर्म) आला, बॉक्स ३ म्हणजे 'इतर उत्पन्न'मध्ये ९ हजार. आता माझीच टरकलीय.

कोकणकडा
तुमचंच बरोबर आहे. आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) बघतं ते पैसे कशाबद्दल मिळाले. गाडीची किंमत घटली म्हणून भरपाई मिळाली आणि ती बेसिसपेक्षा (टॅक्ससाठी धरतात ती गाडीची खरेदी किंमत) कमी असेल तर टॅक्स नाही, त्यांच्या पब्लिकेशन ४३४५ मध्ये आहे बघा. फक्त बेसिस ३८ वरून २९ हजारावर येतो. उद्या गाडी २६ ला विकली तर काही नाही, ३१ ला गेली तर २ हजार फायदा धरणार. (आचके देणारी गाडी ३१ ला कोण घेतंय म्हणा!)

शेवंता
एवढ्या घाईने हो म्हणू नका, आधी अ‍ॅग्रीमेंट वाचा. कंपनीने मुद्दाम टाळाटाळ केली असेल तर कॅलिफोर्नियात नुकसानीच्या दुपटीपर्यंत सिव्हिल पेनल्टी मिळू शकते. ती टॅक्सेबल, व्याजही टॅक्सेबल. माझी गाडी कंपनीने परत विकत घेतली, त्या बायबॅकमध्ये पेनल्टीची ओळ वेगळी होती, मी आनंदात ती वाचलीच नव्हती. आणि खरी मेख पुढेच आहे, टॅक्सेबल रकमेतून वकिलाने टक्के कापले तरी साधारण ती पूर्ण रक्कम तुमचंच इन्कम धरतात, सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आहे तसा. पर्सनल गाडीच्या केसमध्ये फीची वजावटही २०१८ पासून गेली. म्हणजे पैसे वकिलाला, टॅक्स आपल्याला.

भटक्या
आत्ता काढून वाचलं. 'वाहनाच्या घटलेल्या मूल्यापोटी' एवढंच लिहिलंय, पेनल्टी-व्याज काही नाही. वकिलाची फी कंपनीने वेगळी दिली. मग १०९९ टाकून देऊ का कचऱ्यात?

कोकणकडा
अजिबात नको! त्याची कॉपी आयआरएसकडे गेलेली असते, रिटर्नमध्ये दिसला नाही की नोटीस. आधी कंपनीला लेखी कळवून दुरुस्त १०९९ मागा. नाहीच दिला तर शेड्यूल १ वर (रिटर्नला जोडायचा पुरवणी फॉर्म) ९ हजार दाखवायचे, तिथेच तेवढेच वजा करायचे आणि कारण लिहून जोडायचं. अ‍ॅग्रीमेंट, रिपेअरचे कागद, खरेदीचं बिल जपून ठेवा. ती 'दोष आढळला नाही'ची चिठोरीसुद्धा.

भटक्या
ओके. एक सांगायचं राहिलं, २०२४ ला वीकेंडला याच गाडीने डिलिव्हरी करायचो, ६ हजार मैल झाले, मैलामागे ६७ सेंटने गाडीखर्चाची वजावट क्लेम केलीय. त्याने काही फरक पडतो का?

शेवंता
हे आधी सांगायचं ना राव! त्या ६७ मधले ३० सेंट घसारा असतो, म्हणजे १८०० डॉलर बेसिसमधून आणखी गेले. धंद्याचा आणि घरचा वापर वेगळा काढायला लागेल, हे मात्र सीपीएकडूनच (परवानाधारक अकाउंटंट) करून घ्या. मैलांची नोंद ठेवलीय ना?

भटक्या
वहीत आहे. वही गाडीत, गाडी परत गॅरेजमध्ये.