तुमची पहिली खेप कशी गेली?

मालाच्या गाडीवर पहिल्यांदा एकट्याने बसलात, तो दिवस इथे लिहा. ट्रक, टेम्पो, छोटा हत्ती, काहीही चालेल. गाडी चालवता येतच होती. त्याखेरीज त्या दिवशी काय कळलं ते हवंय. आमच्या गावातली दोन पोरं या महिन्यात लायनीला लागतायत, त्यांना वाचायला देणार आहे. सुरुवात मी करतो.

2011 चा ऑगस्ट. नारायणगावचा टोमॅटो, वाशीचं मार्केट, मालकाची 407, म्हणजे टाटाचा छोटा ट्रक. 110 कॅरेट, प्रत्येकात 20 किलो, म्हणजे 2,200 किलो. रात्री नऊला आळेफाटा सोडला. माळशेजला एवढं धुकं की अप्पर लाइट मारला की समोर पांढरी भिंतच. डिपरवर आलो, काच खाली केली आणि पुढे चाललेल्या एसटीचे लाल दिवे धरून घाट उतरलो. मोरोशीला चहाचा ग्लास धरताना हात थरथरत होते.

वाशीला पोचल्यावर मी उत्साहाने कॅरेट उतरवायला वर चढलो. एका माथाडी मामांनी थांबवलं. "पोरा, हे काम आमचं. तू झोप काढ, तुला परत घाट आहे." माथाडींसाठी 1969 पासून कायदा आहे, त्यांची मजुरी बोर्डातून होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या माणसाने किती मायेने सांगितलं, ते मात्र आजही आठवतं.

झोपलो आणि तिथेच चुकलो. रिकामे कॅरेट परत न्यायचे असतात. कुणीतरी "झाले" म्हणालं आणि मी न मोजता फाळका लावला. गावात मोजले तर 101. नऊ कॅरेटचे पैसे माझ्या पगारातून गेले. पोरांनो, रिकामं कॅरेटसुद्धा माल आहे, मोजून घ्या.

शेतकरी फाट्यावर वाट बघत उभा होता. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, त्याच्या हातात दिली. भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन खाली जो आकडा उरला होता, तो त्याने दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "जेवलास का?"

*दहाचाकी*

मी तीन वर्षं क्लीनर होतो. नाशिकहून न्हावाशेवाला कांदा जायचा. एके दिवशी इगतपुरीच्या पुढे उस्तादांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, "बस." पुढे कसारा घाट. भरलेली गाडी, उतार, आणि बाकीचे न्यूट्रल करून डिझेल वाचवत भराभर पुढे जाताना दिसत होते. माझाही हात गिअरकडे गेला. उस्तादांनी नुसता त्यावर हात ठेवला. "ज्या गिअरनं घाट चढशील, त्याच गिअरनं उतर. ब्रेकवर उतरलास तर लाइनर तापतील, आणि तापलेला ब्रेक पाय दाबला तरी लागत नाही." अर्ध्या घाटात एक ट्रक उभा होता, मागच्या चाकांतून धूर येत होता आणि जळका वास. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

*गल्लीबोळ*

पुणे, गॅसची गाडी, छोटा हत्ती. आत 14.2 किलो गॅस आणि टाकीचं स्वतःचं वजन वेगळं, म्हणजे खांद्यावर तीस किलोच्या आसपास. जुन्या पेठेतला वाडा, अरुंद लाकडी जिना. वरती आजी म्हणाल्या, "वजन करून दाखव." मला राग आला, कारण काटा खाली गाडीत राहिला होता. पण तो त्यांचा हक्क आहे. उतरलो, काटा आणला, वजन दाखवलं, सील दाखवलं. तेव्हापासून काटा खांद्याला अडकवूनच जिना चढतो. आजींनी पाणी दिलं. त्या दिवशी पाणी विचारणारं तेवढं एकच घर.

*ठाणे_पूर्व*

पार्सलची गाडी. 84 घेऊन निघालो, 61 पोचली. उरलेली 23 परत गोदामात जमा करायला रात्रीचे दहा. पत्ता "मंदिराजवळ", आणि त्या रस्त्याला मंदिरं तीन. आदल्या दिवशी जुन्या माणसासोबत नुसतं फिरून या, एवढंच सांगेन.

*पहाटगाडी*

कोल्हापूर. दुधाची गाडी, वेळ रात्री अडीचची. नवऱ्याचं पाठीचं ऑपरेशन झालं, हप्ते थांबत नव्हते, म्हणून मी बसले. बॅजचं लायसन्स आधीपासून होतं. क्रेट उचलणं जमलं, अंधारात रिव्हर्स घेणंही जमलं. अडचण वेगळीच झाली. पहाटे साडेचारला तीन पंपांवर थांबले, तिन्ही ठिकाणी बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चौथ्या ठिकाणी रखवालदार काकांनी किल्ली शोधून दिली. त्या भीतीने मी सकाळपर्यंत पाण्याचा घोट घेतला नव्हता, डोकं ठणकत होतं. ज्या बायका या कामात येणार असतील त्यांनी पहिल्या दिवसाआधी दिवसाउजेडी रूटवरून जाऊन विचारून ठेवा, कुठलं कुलूप रात्री उघडतं. माझ्या रूटवर आता दोन जागा आहेत. गांधीनगर बाजूला कुणी येणार असेल तर विचारा, सांगते.