रोगग्रस्त की रोगत्रस्त?

चोपडेकर: केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला, दोन एकरांतली झाडं उपटून फेकली. पंचनाम्यासाठी अर्ज लिहितोय. भाऊ म्हणतो 'रोगत्रस्त क्षेत्र' लिही, मी म्हणतो 'रोगग्रस्त'. दोन्ही चालतं का?

भुसावळकर: ग्रस्तच लिहा. 'ग्रस्' म्हणजे गिळणे, ग्रस्त म्हणजे गिळलेला. खग्रास, खंडग्रास यांतला ग्रास तोच. पंचांगात ग्रस्तोदित, ग्रस्तास्त असतं बघा. २५ ऑक्टोबर २०२२ चं, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण आपल्याकडे ग्रस्तास्त होतं, सुटायच्या आत सूर्य मावळला. 'त्रस्' हा धातूच वेगळा, अर्थ भिणे. संस्कृतात त्रस्त म्हणजे घाबरलेला. मराठीत भीती गळाली आणि नुसता ताप उरला: डासांनी त्रस्त, भारनियमनानं त्रस्त. थोडक्यात, केळी ग्रस्त आणि तुम्ही त्रस्त.

शहादेकर: आप्पा, मग 'संकटग्रस्त' कसं बसवायचं? आमचा रानपिंगळा, म्हणजे ते छोटं घुबड, १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याला संकटग्रस्त म्हणतात. संकटानं गिळला असता तर सापडला कसा?

भुसावळकर: ग्रहण खंडग्रासही असतंच की. चिंताग्रस्त माणूसही दोन वेळ जेवतो. 'वादग्रस्त' तर बातम्यांनी इतका स्वस्त केलाय की त्यात काही उरलं नाही.

धडगावकर: शब्दशः घ्यायचा तर 'प्रकल्पग्रस्त' घ्या. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं, मणिबेली त्यातलंच. तिथं गिळणारं पाणी खरंखुरं आहे. पुढं त्याच शब्दाचा दाखला झाला, सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षणाचा. आजोबांचं गाव बुडालं, नातू 'प्रकल्पग्रस्त' म्हणून अर्ज करतो. हल्ली 'प्रकल्पबाधित'ही लिहितात. मला तो मिळमिळीत वाटतो. बाधा काय, उतरवता येते.

शहादेकर: ग्रासही सुटतो ना दादा. ग्रहणात 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी देत फिरायचे.

धडगावकर: चंद्राचा सुटतो. मणिबेलीची शेतं अजून पाण्याखालीच आहेत.

चोपडेकर: आभार. पण छापील नमुन्यात रकानाच 'बाधित क्षेत्र' असा आहे! रकान्यात तेच भरतो, अर्जात रोगग्रस्त लिहितो. भावाचं 'त्रस्त' अर्जाखाली, 'आपला त्रस्त शेतकरी' म्हणून.