उभ्या मोटरहोममधलं जुनं पेट्रोल: तुमचे अनुभव सांगा

मिशिगनहून
नमस्कार मंडळी. आम्ही एक जुनं क्लास सी मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी, घेतलंय. फोर्ड ई-४५० चॅसी, व्ही-१० इंजिन, ५५ गॅलनची टाकी. आधीचे मालक आजारी पडल्यापासून गाडी काही हिवाळे अंगणात उभीच होती. बाकी सगळं ठीक आहे, पण काटा अर्ध्यावर आहे. म्हणजे शंभरेक लिटर शिळं पेट्रोल, तेही दहा टक्के इथेनॉलवालं. स्कूटरची टाकी असती तर काढून रिकामी केली असती. उन्हाळ्यात मुलांना घेऊन यलोस्टोनला जायचंय, तेव्हा घाई करून इंजेक्टरची (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्यांची) वाट लावायची नाही. 'बाटलीतलं औषध ओता आणि निघा' सांगणारे भरपूर भेटले. ज्यांनी स्वतः हे निस्तरलंय त्यांनी सविस्तर लिहा.

मिनेसोटाहून
दादा, आधी किल्ली फिरवू नका. नुसती 'ऑन'वर नेली तरी टाकीतला पंप सुरू होतो आणि तळातलं पेट्रोल पुढे ढकलतो. अगदी तळातलं थोडं काढून काचेच्या पारदर्शक बरणीत झाकण लावून घराबाहेर, सावलीत ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर विषय संपला, सगळं काढावंच लागेल.

कारण असं की इथेनॉल पाणी ओढतं. दहा टक्केवाल्या पेट्रोलात साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, आणि गारठ्यात तेवढंही मुरत नाही. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, नेमके पंपाच्या तोंडाशी. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही (इंजिनात ठोके न देता जळायची क्षमता) उतरतो. आमच्या गाडीत हेच झालं होतं. एप्रिलमध्ये ती सुरूच होईना, आणि बरणीत पाहिल्यावर कारण कळलं. त्यावर कुठलंही औषध चालत नाही.

आमच्या राज्यात बोटी, स्नोमोबिल आणि जुन्या हौशी गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं प्रीमियम मिळतं. हिवाळ्याआधी शेवटची टाकी मी त्याचीच भरते. महाग पडतं, पण भरते.

ॲरिझोनाहून
आम्ही दोघं निवृत्त, उन्हाळाभर गाडी उभी असते. इथे हवा कोरडी, त्यामुळे पाण्याचा त्रास कमी. पण उष्णतेने पेट्रोलमधला हलका, पटकन पेट घेणारा भाग उडून जातो. उरतं ते जड पेट्रोल, त्यावर इंजिन सकाळी नुसतं कुरकुरतं. आमचा नेम असा: उभी करण्याआधी टाकी काठोकाठ, स्टेबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ नये म्हणून घालायचं औषध) ताज्या पेट्रोलातच, आणि मग थोडं फिरवून आणायचं म्हणजे ते नळ्यांतही पोचतं. आमच्या ब्रँडचं, स्टा-बिलचं, प्रमाण अडीच गॅलनला एक औंस. शिळं झाल्यावर ओतून पेट्रोल परत ताजं होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

पुण्याहून
मोटरहोम नाही, पण २०२०च्या टाळेबंदीत आमच्या इमारतीखाली गाड्यांची रांग उभी होती, त्यावरून लिहितो. त्या पावसाळ्यानंतर गॅरेजवाल्याकडे एकच काम चालू होतं, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडा आणि त्यातली बारीक भोकं, म्हणजे जेट, साफ करा. बाबांची जुनी स्कूटर मात्र थोड्या किकांत सुरू झाली. त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ती लावली होती. कार्बोरेटरमध्ये थेंब उरला नाही, तर डिंक धरणार कशाला? आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, तेव्हा ही सवय जास्तच लागणार.

टेक्सासहून
सगळे इंजिनाबद्दल लिहिताहेत, खरा बळी राहण्याच्या भागाला वीज देणाऱ्या जनरेटरचा जातो! बहुतेक पेट्रोल मोटरहोममध्ये तो त्याच टाकीतून पितो. त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, टाकी पाव झाली की जनरेटर बंद, म्हणजे तुम्ही रानात अडकत नाही. पण इंजिनाला इंजेक्टर आणि दाबाचा पंप असतो. जुन्या जनरेटरला कार्बोरेटर, आणि त्यातली भोकं सुईएवढी. आमचा जनरेटर सुरू व्हायचा, मग आवाज चढायचा-उतरायचा, एसी लावला की बंद. कार्बोरेटर उघडला तर आत पिवळट चिकट थर. स्वच्छ करूनही पुरतं जमलं नाही, शेवटी नवा बसवला. आता महिन्यातून एकदा दोन तास, एसी लावून, साधारण निम्म्या भारावर चालवते. भाराशिवाय नुसता फिरवून उपयोग नाही.

ओंटारिओहून
मी मोटरहोमच्या गॅरेजात काम करतो. पेट्रोल काढणार असाल तर एक कळकळीची विनंती. आधी प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. फ्रिज आणि गीझर गॅसवर असतील तर त्यांची ज्योत किंवा ठिणगी तुम्ही टाकीखाली वाकलेले असतानाच पेटू शकते. मग बॅटरी सोडवा. काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. कॅन जमिनीवर ठेवूनच भरा, स्थिर विजेची ठिणगी पुरेशी असते. तोंडाने नळी ओढायची नाही, कधीच नाही. फिलरच्या नळीतून पाइप उतरत नसेल तर जोर करू नका, तिथे व्हॉल्व्ह किंवा जाळी असते. मेकॅनिककडून इंधनाच्या लाइनमधून काढून घ्या. जुन्या गाडीत रबरी नळ्याही बघा. भेगा असतील तर पेट्रोल ताजं असो की शिळं, आग तीच.

मिशिगनहून
बरणीत थर नाही आला. रंग मात्र कडक कोऱ्या चहासारखा आणि वास लाकडाच्या पॉलिशचा. थर नाही म्हणून थोडं थोडं ताज्यात मिसळून संपवता आलं असतं, पण शंभर लिटर तसं संपवायला वर्ष लागलं असतं. शेवटी मेकॅनिकने उपसून दिलं. आमच्या काउंटीत घरगुती घातक कचरा घेतात, पण एका वेळी मोजकंच, म्हणून कॅन हप्त्याहप्त्याने पोचवतोय. फिल्टर नवा, दहा गॅलन ताजं, आणि इंजिन लागलं! जनरेटरला अजून हात लावलेला नाही. टेक्सासच्या ताई, आधी चालवून बघू की थेट कार्बोरेटर उघडू?

टेक्सासहून
थेट उघडा. टाकीत ताजं असलं तरी त्याच्या नळीत आणि फिल्टरमध्ये जुनंच आहे. ते दोन्ही आधी बदला. प्रवासाच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नका, कार्बोरेटर मागवावा लागला तर यायला वेळ लागतो.