पुण्याची १२०० मीटर: या चौघांतला कोणता?

पेठेतला_जावई:
मंडळी, रविवारी सासऱ्यांबरोबर एम्प्रेस गार्डनशेजारच्या रेसकोर्सवर जायचंय. ते जुने शौकीन, मी कोरा. १२०० मीटरची हँडिकॅप (सरस घोड्याला जास्त वजन देऊन बरोबरी साधणारी रेस), १२ घोडे. रेसबुक चाळून चार काढलेत.
क: ६० किलो, मागची १४०० जिंकलाय, शेवटी मुसंडी मारणारा.
ख: ५१ किलो, शिकाऊ जॉकी, गेट उघडलं की पुढे. पण ड्रॉ, म्हणजे आतल्या कठड्यापासून गेटचा नंबर, ११.
ग: सात महिन्यांनी उतरतोय, सकाळच्या सरावात ६०० मीटर ३६ सेकंदांत.
घ: मागच्या तिन्ही रेसना चौथा, ड्रॉ २.
शंभरच्या वर लावणार नाही. कोणता घेऊ?

वानवडीचा_वारा:
चौघांवर थांबू नका, बाराही बघा आणि पुढे पळणारे किती ते मोजा. ही रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते, चूक सुधारायला वेळच नसतो. पुढे पळणारे तीन असतील तर एकमेकांना रेटत शेवटच्या ४०० मीटरला तिघांचाही दम निघतो, मग तुमचा क मागून येतो. एकच असला तर तो आपल्या चालीने पळतो आणि हाती लागत नाही. आणि घ ‘चौथा’ आलाय म्हणजे किती लेंग्थने (घोड्याच्या लांबीने)? सेकंदाला साधारण सहा लेंग्थ धरा. दोन लेंग्थने चौथा म्हणजे डोळा मिटून उघडेपर्यंतचा फरक.

पेठेतला_जावई:
मोजले. पुढे पळणारे दोन, ख आणि ७ नंबर ड्रॉवाला. म्हणजे क?

जुना_पंटर:
क वाईट नाही. आपल्याकडे रेटिंगचा (घोड्याच्या कुवतीला दिलेल्या गुणांचा) एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. क आणि ख मध्ये ९ किलो, म्हणजे वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरच्या हिशेबी क १८ पॉइंटांनी सरस. शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची सूट धरून ५१ असेल तर मात्र ती आधी वजा करा, फरक तेवढा उरणार नाही. माझी शंका वेगळीच आहे. १४०० वर आरामात मागे बसणारा घोडा १२०० च्या पहिल्या ४०० मीटरलाच धापा टाकतो, हे बरेचदा बघितलंय.

ग च्या ३६ वर भाळू नका. वाळूवर की गवतावर? वर जॉकी होता की वजनदार रायडिंग बॉय? आरामात गेला की रेटून? हे कळल्याशिवाय तो आकडा नुसता आकडाच.

कट्टा_क्र_३:
ड्रॉबद्दल कुणीच बोललं नाही! फॉल्स रेल (आतली पट्टी वाचवायला लावलेला तात्पुरता कठडा) किती मीटर बाहेर आहे ते आधी वाचा. पावसाळ्यात आतली पट्टी तुडवून खराब झाली की ड्रॉ २ ची मिजास उतरते. जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचं रीडिंगही बघा, जास्त म्हणजे जमीन मऊ. मऊ जमिनीवर ११ वरून आडवं येऊन रेल पकडताना ख ला जास्त दम खर्चावा लागेल.

वानवडीचा_वारा:
आणि पॅडॉक, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात ती जागा, चुकवू नका. घोडा घामाने फेसाळलेला दिसला तर खिशातला हात बाहेर काढू नका. इंग्लंडचा बॅटाश असाच तापट. यॉर्कला २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी नन्थॉर्प या रेसमध्ये चौथा. २०१९ ला त्याच रेसचे पाच फर्लांग (साधारण १००० मीटर) ५५.९० सेकंदांत पळून डेजूर या घोड्याचा १९९० चा तिथला विक्रम मोडला. घोड्यात वेग आधीपासूनच होता, गेटपर्यंत शांत पोचणं हीच अडचण होती.

पेठेतला_जावई (रविवार रात्र):
ख जिंकला, अडीच लेंग्थने. क दुसरा. घ परत चौथा! ग वळणावरच संपला.

जुना_पंटर:
आणि ७ नंबर ड्रॉवाला?

पेठेतला_जावई:
सकाळीच रद्द झाला होता. फलकावर वाचलं, पण आपला घोडा तर शाबूत आहे म्हणून क वरच लावले. सासऱ्यांनी तेच वाचून ख घेतला. चहाचे पैसे त्यांनीच दिले.