तातडीची मदत हवी आहे: टास्कचं सॉफ्टवेअर ठेवावं की एक्सेलवर परत जावं? (चाकण, मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग)

वेल्डलाईन (शुक्रवार, रात्री ११:१०)
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. आमच्या एमई (मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग) टीमला कामं वाटायला आणि ट्रॅक करायला सहा महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअर आणलं. काडीचा उपयोग नाही. आधीचा एक्सेल ट्रॅकरच बरा होता असं सगळे तोंडावर म्हणतात, आणि ते चालवायची जबाबदारी माझ्या गळ्यात. मंगळवारी साहेबांसमोर उभं राहून सांगायचंय: हेच ठेवायचं, दुसरं घ्यायचं, की एक्सेल. कुणी वापरतं का? कुठलं घ्यावं? 'गूगल करा' सांगू नका, करून झालंय.

बग_पकड (शुक्रवार, रात्री ११:२४)
जिरा, कामं ट्रॅक करायचं सॉफ्टवेअर. विषय संपला. आम्ही हिंजवडीत सात वर्षं वापरतोय. दोन आठवड्यांचे स्प्रिंट (तेवढ्यात ठरलेली कामं संपवायची), रोज सकाळी १५ मिनिटं स्टँडअप (उभ्या उभ्या मीटिंग), बोर्डावर तीन रकाने. १० जणांपर्यंत फुकट आहे, वापरून बघा.

पावट्याची_उसळ (शुक्रवार, रात्री ११:३१)
जिरा घेतलं आणि चाललं नाही तर साहेब यांचीच जिरवतील.

बग_पकड (शुक्रवार, रात्री ११:३३)
हा हा. पण त्याचा जिऱ्याशी संबंध नाही. गॉडझिलाला जपानीत गोजिरा म्हणतात, त्यावरून नाव पडलंय.

भोसरीचा_टूलरूमवाला (शनिवार, सकाळी ७:०५)
दोन आठवड्यांचा स्प्रिंट म्हणे. अहो, आमच्याकडे पिना हार्डनिंगला (भट्टीत तापवून कडक करायला) बाहेर जातात. भट्टीवाला पुरेसा माल जमल्याशिवाय भट्टी लावत नाही. त्याला जाऊन सांगा तुमचा स्प्रिंट संपत आलाय म्हणून.

एक्सेलनाथ (शनिवार, सकाळी ९:४०)
मी १८ वर्षं प्लॅनिंगमध्ये आहे. एक्सेलला पर्याय नाही. लोक चुकीचं वापरतात आणि मग रडतात. फाईल साध्या शेअर्ड फोल्डरवर ठेवली की एकाने उघडली की दुसऱ्याला 'लॉक्ड' येणारच. वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर ठेवा, सगळ्यांकडे नवीन व्हर्जन असू द्या, मग दहा जण एकदम लिहू शकतात. ज्या ओळीची तारीख उलटली ती लाल करायला कंडिशनल फॉर्मॅटिंगमध्ये टुडे फंक्शन वापरा आणि 'पूर्ण' लिहिलेल्या ओळी त्यातून वगळा. पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय बिघडू शकतं त्याचा तक्ता) सुद्धा त्याच फाईलमध्ये घ्या, आरपीएन (त्यातला धोक्याचा आकडा) उतरत्या क्रमाने लावला की कुठे हात घालायचा ते कळतं.

क्वालिटी_ताई (शनिवार, सकाळी १०:१५)
एक्सेलनाथ, लाल रंग कसा करायचा हे त्यांनी विचारलेलं नाही. आणि आरपीएन कुठे धरून बसलात? २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) हँडबुकमध्ये तो काढून अॅक्शन प्रायॉरिटी (आधी कुठे हात घालायचा त्याची पातळी) आणली.

वेल्डलाईन, 'काडीचा उपयोग नाही' म्हणजे नक्की काय? माणसं किती? कुठल्या टीम त्यात आहेत? सॉफ्टवेअर कुठलं? लोक भरत नाहीत, की भरतात आणि चुकीचं भरतात? हे कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे पेशंट न बघता औषध देणं.

एक्सेलनाथ (शनिवार, सकाळी १०:२२)
आमचा कस्टमर अजून आरपीएनच मागतो. हँडबुक मग वाचू.

वेल्डलाईन (शनिवार, दुपारी १:५०)
सगळं लिहिलंय की वर. बरं, घ्या. माणसं ३४. एमई, क्वालिटी, पर्चेस, प्रोजेक्ट. सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाही, ऑफिसची दोन-तीन मंडळी इथे वाचतात. बोर्ड, कार्ड, तारखा, आठवणीचे मेल, हे सगळं त्यात आहे. लोक भरतातही. डॅशबोर्ड हिरवागार असतो. आणि शॉपवर (मशीन चालतात तिथे) गेलं की काम झालेलं नसतं. म्हणून विचारतोय की दुसरं कुठलं चांगलं आहे.

निवृत्त_नाना (शनिवार, दुपारी ३:१२)
आमच्या वेळी पिंपरीत असलं काही नव्हतं. टूलरूमच्या भिंतीवर पत्र्याचा बोर्ड, त्यात खाचा, खाचेत टी आकाराची कार्डं. जॉब उशिरा असला की कार्ड उलटं, मागची बाजू तांबडी. दारातून आत आलं की किती तांबडं आहे ते दिसायचं. टोयोटाचं कानबान म्हणून तुम्ही आता पैसे देऊन घेता ते मुळात कागदी कार्डच होतं. दर गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी सकाळी बोर्डापुढे उभं राहून चहा. बस.

नवशिक्या_जीईटी (शनिवार, दुपारी ३:३०)
नाना, एक विचारू? एमआयडीसीत सुट्टी गुरुवारीच का असते? मी लातूरचा आहे, घरच्यांना समजावून थकलो.

निवृत्त_नाना (शनिवार, दुपारी ३:४१)
विजेसाठी, बाळा. सगळे कारखाने एकाच दिवशी चालू आणि रविवारी सगळे बंद, असं नको म्हणून भागाभागाला वेगळा वार दिला. भोसरी-पिंपरीच्या वाट्याला गुरुवार आला. लग्नं रविवारी, आणि आम्ही कामावर. किती बारशी बुडाली माझी!

पावट्याची_उसळ (शनिवार, दुपारी ३:५५)
पण गुरुवारी मिसळीला रांग नसते, हा फायदा कुणी सांगत नाही.

भोसरीचा_टूलरूमवाला (शनिवार, सायंकाळी ६:२०)
वेल्डलाईन साहेब, तुमच्या यादीत टूलरूम कुठंय? एमई, क्वालिटी, पर्चेस, प्रोजेक्ट लिहिलंत. फिक्श्चर (पार्ट पकडून ठेवायची चौकट) काय पर्चेसवाले बनवतात?

वेल्डलाईन (शनिवार, रात्री ९:०२)
टूलरूमला लॉगिन नाही. लायसन्स माणशी आहे, वरून ३४ च मंजूर झाली. शिवाय शॉपवर कॅमेऱ्याचा मोबाईल चालत नाही, गेटवर जमा होतो, त्यामुळे अॅप देऊनही उपयोग नाही. त्यांचं माझा जीईटी (ट्रेनी इंजिनिअर) अपडेट करतो. पण मुद्दा तो नाहीये. मला सॉफ्टवेअरचं नाव हवंय.

भोसरीचा_टूलरूमवाला (शनिवार, रात्री ९:१०)
मुद्दा तोच आहे.

क्वालिटी_ताई (शनिवार, रात्री ९:३५)
एक ताजं उदाहरण द्या. हिरवं होतं आणि झालेलं नव्हतं, असं. तारखेसकट, पहिल्यापासून.

वेल्डलाईन (शनिवार, रात्री ११:४८)
ठीक आहे. परवाचंच सांगतो, त्यावरूनच मंगळवारची मीटिंग लागली आहे.

एक ब्रॅकेट आहे, वेल्डिंग फिक्श्चरवर दोन पिनांवर बसतो, एक गोल, एक डायमंड. कस्टमरने ड्रॉइंग रेव्ह (रेव्हिजन) सीवरून रेव्ह डी केलं. डेटम होल (ज्यावरून बाकीची मापं धरतात ते भोक) ८.२ चं ८.७ झालं. आमची पिन ८.१. टास्क लावला, 'फिक्श्चर पिन बदलणे', ड्रॉइंगची पीडीएफ जोडली. चार दिवसांनी टास्क बंद, हिरवा. ट्रायल घेतली. पार्ट फिक्श्चरवर बसतो, क्लॅम्प लागतो, वेल्ड दिसायला सुंदर. कुणालाच शंका नाही. पाच पीस सीएमएमला (मापं तपासायच्या मशीनला) गेले आणि प्रत्येकाची पोझिशन वेगळी. मी स्वतः जाऊन क्लॅम्प सोडून ब्रॅकेट बोटाने हलवला. टकटक वाजला. ८.७ च्या होलात ८.१ ची पिन, वाजणारच. टूलरूमने नवीन पिन बनवली होती हे खरं, पण तीही ८.१ चीच.

क्वालिटी_ताई (रविवार, सकाळी ८:२०)
आता बोललात. टास्कला जोडलेली पीडीएफ कुठल्या रेव्हिजनची होती?

वेल्डलाईन (रविवार, सकाळी ८:५५)
सी. टास्क मी बुधवारी लावला, होल बदलणार एवढं कस्टमर फोनवर म्हणाला होता. डीचं ड्रॉइंग गुरुवारी मेलवर आलं, आम्हाला सुट्टी. शुक्रवारी मी ते सर्व्हरवर टाकलं. टास्कमधली जुनी पीडीएफ काढायची राहिली. मान्य. पण टूलरूमने 'झालं' सांगितलंच कसं?

भोसरीचा_टूलरूमवाला (रविवार, सकाळी ९:३०)
कसं म्हणजे? तुमचा जीईटी संध्याकाळी फोन करतो, "ती पिन झाली का?" पिन टर्न झाली, हार्डन होऊन आली, ग्राइंड झाली, हातातल्या प्रिंटला मापात आहे. झाली. आमचं 'झालं' म्हणजे मशीनवरून उतरलं.

क्वालिटी_ताई (रविवार, सकाळी ९:४८)
आणि माझं 'झालं' म्हणजे सीएमएम रिपोर्ट हिरवा. वेल्डलाईनचं 'झालं' म्हणजे ट्रायल पास. पर्चेसचं 'झालं' म्हणजे पीओ (खरेदीची ऑर्डर) निघाली, माल गेटवर आला असेलच असं नाही. चार जणांचं चार ठिकाणी 'झालं', आणि तुमच्या बोर्डावर रकाना एकच. ट्रेलो घ्या, प्लॅनर घ्या, जिरा घ्या, हे असंच होणार.

माझ्याकडे आम्ही एवढंच केलं: ज्याने काम केलं त्याने टास्क बंद करायचा नाही. ज्याला ते काम पुढे वापरायचंय, त्याने बंद करायचा. पिनेचा टास्क टूलरूमने किंवा त्यांच्या वतीने तुमच्या जीईटीने बंद करायचा नाही. वेल्ड लाईनवर पार्ट लावून बघणाऱ्याने करायचा. पहिल्या महिन्यात बोर्ड इतका लाल झाला की प्लँट हेडने बोलावून घेतलं.

एक्सेलनाथ (रविवार, सकाळी १०:०५)
हे एक्सेलमध्येही होतं. दोन कॉलम करा, 'केले' आणि 'स्वीकारले'.

क्वालिटी_ताई (रविवार, सकाळी १०:०८)
होतं. पहिल्यांदाच पटलं तुमचं.

बग_पकड (रविवार, सकाळी ११:१५)
जिरामध्ये याला व्हॅलिडेटर म्हणतात. रेव्हिजन नंबरचा रकाना रिकामा असेल तर टास्क पुढे सरकूच द्यायचा नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्येही असेल, अॅडमिनला विचारा. आणि पीडीएफ कधीच जोडायची नाही, सर्व्हरवरच्या फोल्डरची लिंक द्यायची. कॉपी केली की ती त्याच दिवशी शिळी. आमच्याकडे कोडचंही तेच.

टूलरूममध्ये एक पीसी ठेवा आणि सगळ्यांना मिळून एक लॉगिन द्या, लायसन्सचा प्रश्न मिटला.

क्वालिटी_ताई (रविवार, सकाळी ११:२६)
लिंकचं बरोबर. एक लॉगिन दहा जणांत नको. लायसन्सच्या अटीत बसत नाही ते एक, आणि ऑडिटर विचारेल 'हे कुणी बंद केलं', तेव्हा 'टूलरूम' हे उत्तर नाही. त्यापेक्षा फोरमनला एक लायसन्स मागा. ३४ मंजूर झाली तिथे ३५ वं होतं.

आणि ऑडिटवरून आठवलं. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) म्हणतं की कस्टमरचा ड्रॉइंग बदल आला की त्याचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत संपवा. त्या गुरुवारच्या मेलची नोंद तुमच्याकडे कुठे आहे? सॉफ्टवेअरमध्ये की तुमच्या इनबॉक्समध्ये?

वेल्डलाईन (रविवार, दुपारी १२:४०)
इनबॉक्समध्ये.

पावट्याची_उसळ (रविवार, दुपारी १२:४४)
एवढ्या लहान उत्तरात एवढं दुःख प्रथमच पाहिलं.

भोसरीचा_टूलरूमवाला (रविवार, दुपारी २:१०)
अजून एक करा. फिक्श्चरवर छोटी पट्टी लावा, ड्रॉइंग नंबर आणि रेव्हिजन पंच केलेली. पिन बदलली की पट्टी बदलायची. मोबाईल लागत नाही, लॉगिन लागत नाही. लाईनवरचा मुलगा ट्रायलच्या आधी पट्टी आणि प्रिंट जुळवून बघेल.

निवृत्त_नाना (रविवार, दुपारी २:३०)
मी तेच म्हणत होतो. बोर्ड लावा, तांबडी कार्डं.

वेल्डलाईन (सोमवार, रात्री १०:२५)
आज जीईटीला न पाठवता स्वतः टूलरूममध्ये गेलो. फोरमन माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. मी विचारलं, काका, हे ८.१ चं कसं झालं? काही बोलले नाहीत. ड्रॉवर उघडला, तेलाचे डाग पडलेली वही काढली आणि पान माझ्यापुढे धरलं. शनिवारच्या तारखेखाली लिहिलं होतं: 'ब्रॅकेट पिन. होल मोठं झालं असं लाईनवर ऐकलं. एमईला विचारणे.' त्यापुढे बरोबरची खूण नाही. म्हटलं विचारलं का नाही? म्हणाले, "तुमच्या पोराला फोनवर विचारलं. तो म्हणाला सिस्टिममध्ये जे आहे तेच फायनल."

उद्या मीटिंगला ३५ वं लायसन्स मागतोय, आणि बंद करायचा अधिकार पुढच्या माणसाकडे. सॉफ्टवेअर तेच राहू दे. नवीन पिन परवा हार्डनिंगहून येईल, भट्टी भरली तर.

एक्सेलनाथ (सोमवार, रात्री १०:४०)
म्हणजे शेवटी वहीच बरोबर निघाली. वहीला कॉलम असतात. एक्सेललाही असतात.

नवशिक्या_जीईटी (सोमवार, रात्री ११:०२)
सर, तो फोन मीच घेतला होता. इथे लिहू की नको असं झालं होतं. उद्या सकाळी काकांकडे जाऊन येतो.