ग्लॉकला सेफ्टी नसते म्हणजे नेमकं काय? कथेतलं एक वाक्य अडलंय

शब्दवेडी_नाशिक:
नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक रहस्यकथा लिहितेय. नायक एनएसजीतला मेजर, मूळचा साताऱ्याकडचा, त्याच्याकडे ग्लॉक १७ आहे. एका प्रसंगात तो अंधाऱ्या जिन्यात उभा असतो आणि मी लिहिलं होतं, "त्याने अंगठ्याने सेफ्टी खाली केली, घोडा मागे ओढला आणि श्वास रोखून धरला." संपादकांनी तेवढ्याच वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून पान परत पाठवलंय, बाजूला लिहिलंय की ग्लॉकला सेफ्टीही नसते आणि घोडाही नसतो. आता सेफ्टीच नसलेलं पिस्तूल एवढी सैन्यं कशी वापरतात ते मला काही पटेना, म्हणून नेटवर शोधायला गेले तर १७, १९, १९एक्स, २६, ३४, जेन ३, जेन ५ असा सगळा पसारा समोर आला आणि मी आणखीच गोंधळले. १७ म्हणजे १७ गोळ्या का? मग १९ मध्ये १९ असतात का? मला कॅटलॉग नकोय हो, हातात धरल्यावर काय काय होतं ते समजून घ्यायचंय. वाक्य खोटं निघायला नको एवढंच.

जुना_आर्मरर:
ताई, संपादकांचं बरोबर आहे, पण "सेफ्टी नसते" हे अर्धंच खरं. मी बावीस वर्षं हत्यारांच्या दुरुस्तीवर काढली, जास्त करून आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या ९ एमएम १ए या पिस्तुलावर, त्यामुळे तिथूनच सांगतो म्हणजे फरक कळेल.

आधी शब्द. घोडा म्हणजे मागचा हॅमर, बोटाने ओढतो तो चाप. बरेच लेखक दोन्ही एकच समजतात. १ए हे मुळात ब्राउनिंग हाय-पॉवरचं भावंड, दुसऱ्या महायुद्धात कॅनडात इंग्लिस कंपनी जे बनवायची त्यावरून आपण घेतलं. सगळं पोलादी, १३ राउंडचं मॅगझिन, मागे घोडा उघडा दिसतो आणि डाव्या बाजूला अंगठ्याची सेफ्टी. हे सिंगल अॅक्शन आहे, म्हणजे घोडा चढवलेला नसेल तर नुसता चाप ओढून काही होत नाही. तुमचं वाक्य या पिस्तुलाला बरंचसं बसतं, फक्त दोन्हीपैकी एकच गोष्ट ठेवायची, कारण घोडा चढलेला असतानाच ती सेफ्टी लागते, त्यामुळे सेफ्टी काढायची असेल तर घोडा आधीच मागे असतो.

आता ग्लॉक. घोडाच नाही. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या पोटात स्ट्रायकर असतो, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी स्प्रिंगवरची फायरिंग पिनच समजा. स्लाइड एकदा मागेपुढे झाली की तो अर्धवट ताणून राहतो, उरलेला ताण तुमचं बोट चाप ओढताना देतं आणि अगदी शेवटच्या टप्प्याला तो सुटतो. सेफ्ट्या तीन आहेत, पण एकही अंगठ्याची नाही. चापाच्या मधोमध एक छोटी पातळ जीभ असते, ती बोटाने दाबली गेल्याशिवाय चाप मागे जातच नाही, म्हणजे कडेने काही अडकलं तर चाप हलत नाही. दुसरी स्लाइडमध्ये, एक छोटा खिळ्यासारखा प्लंजर स्ट्रायकरची वाट अडवून बसलेला असतो, चाप मागे येताना ट्रिगर बारचा, म्हणजे चापाला जोडलेल्या पट्टीचा, उंचवटा त्याला वर उचलतो तेव्हाच वाट मोकळी होते. तिसरी पडण्याची, ट्रिगर बारची मागची शेपटी एका कट्ट्यावर टेकलेली असते, त्यामुळे पिस्तूल दगडावर आपटलं तरी ती खाली घसरून स्ट्रायकर सोडत नाही. चाप ओढला की तिन्ही एकामागून एक उघडतात, सोडला की आपोआप परत लागतात. जवानाला काहीही आठवावं लागत नाही, आणि सगळी अक्कल तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे. रात्री, घाईत, भीतीने हात थंड पडलेला असताना अंगठा सेफ्टीवरून घसरतो, हे मी फायरिंगला उभं राहून कितीदा तरी पाहिलंय.

ब्रिटिशांनी २०१३ मध्ये हाय-पॉवर काढून ग्लॉक १७ घेतलं ते बरंचसं याचसाठी, चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, राउंड (गोळी) ठेवून होल्स्टरात बाळगता येतं आणि बाहेर काढलं की लगेच चालतं. वजनही कमी, रिकामं मॅगझिनशिवाय ६२५ ग्रॅमच्या आसपास.

डॅलसकर_पुण्याचा:
काकांनी आतलं इतकं छान सांगितलंय की मी फक्त आकड्यांचं बोलतो. माझ्याकडे इथे १९ आहे, जेन ५, दर दुसऱ्या शनिवारी रेंजवर जातो.

ताई, आकड्याचा आणि गोळ्यांचा काही संबंध नाही, १७ ला १७ राउंडचं मॅगझिन आहे हा योगायोग. गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियातला माणूस, व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्रामला त्याची कंपनी, पडद्याच्या दांड्या आणि सैन्यासाठी चाकू वगैरे बनवायचा, त्याआधी एकही पिस्तूल केलेलं नाही. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्य जुन्या वॉल्थर पी३८ च्या जागी नवीन शोधत होतं तेव्हा याने उडी घेतली, आणि हे त्याचं सतरावं पेटंट म्हणून नाव १७. सैन्याने १९८२ मध्ये पी८० नावाने घेतलं. पुढचे आकडे नुसते ओळीने येत गेले.

१९ म्हणजे त्याच पिस्तुलाची नळी आणि मूठ थोडी छोटी, १५ राउंड, १९८८ पासून. २६ आणखी आखूड, १० राउंड, करंगळी बसायला जागाच नाही, हवेत राहते. ३४ लांब नळीचं, स्पर्धेसाठी. गंमत म्हणजे १७ चं मॅगझिन १९ मध्ये आणि २६ मध्ये बसतं, खाली थोडं लोंबतं एवढंच, पण २६ चं १७ मध्ये चालत नाही. २२ ची गोष्ट वेगळी, ते पॉइंट ४० कॅलिबरचं. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची एक चकमक फार वाईट झाली, दोन एजंट गेले, त्यानंतर मोठ्या गोळीचा हट्ट सुरू झाला आणि त्यातून १९९० मध्ये पॉइंट ४० आलं. अमेरिकेतल्या बऱ्याच पोलिसांकडे मग २२ दिसायला लागलं. पुढे ९ एमएमची गोळीच इतकी सुधारली की एफबीआय स्वतःच २०१६ मध्ये ९ एमएमच्या ग्लॉककडे परत आली.

जनरेशनचं म्हणाल तर जेन ३ ला मुठीवर बोटांच्या खाचा आणि पुढे टॉर्च लावायला रेल, जेन ४ ला (२०१०) मुठीच्या पाठीला बदलता येणारे तुकडे, आणि जेन ५ ला (२०१७) त्या खाचा काढून टाकल्या. हा निर्णय मला फार आवडतो. खाचा कुणाच्या तरी एका हाताच्या मापाच्या असतात, माझी बोटं जाड आहेत, मित्राचं जेन ३ धरलं की दोन उंचवटे बरोबर पेरावर टोचायचे.

आणि प्लास्टिकचं आहे म्हणून विमानतळावर सापडत नाही वगैरे लिहू नका हं. फ्रेम पॉलिमरची आहे, पण स्लाइड आणि नळी पोलादीच, मशीनमध्ये स्वच्छ दिसतं.

कोल्हापूरचा_नेमबाज:
मी पॉइंट २२ च्या स्पोर्ट पिस्तुलावर २५ मीटर खेळतो आणि शिकवतो, सर्व्हिस पिस्तूल माझं क्षेत्र नाही, पण एक मुद्दा मांडतोच. ग्लॉक साफ करायला खोलताना स्लाइड काढण्यापूर्वी चाप ओढावा लागतो, बरोबर ना? मग मॅगझिन काढलं पण चेंबरात राउंड राहिला आणि माणूस विसरला तर तो राउंड सुटणारच. यातून माणसं जखमी झालेली आहेत. मशीन विसरत नाही हे मान्य, पण माणूस विसरतो तिथे मशीनने थांबवायला नको का? अमेरिकन सैन्याने नव्या पिस्तुलासाठी स्पर्धा ठेवली (निकाल २०१७ मध्ये लागला) तेव्हा अंगठ्याची सेफ्टी मागितलीच होती, आणि ग्लॉकनेही आपल्या नमुन्यावर ती बसवून दिली होती. तेव्हा "ग्लॉकला कधीच नसते" असंही नाही.

जुना_आर्मरर:
सर, मुद्दा शंभर टक्के खरा, मी वाद घालणार नाही. १ए मध्ये मॅगझिन काढलं की चाप मरतो, ग्लॉकमध्ये तसं नाही. म्हणून "खाली कर" चा हुकूम झाला की नजरेने बघायचं, मग बोट घालून चेंबर चाचपायचं, हे मी पोरांकडून रोज करून घ्यायचो, कंटाळा केला तर परत पहिल्यापासून. आणि तुम्ही म्हणता त्या स्पर्धेत सिग पी३२० निवडलं गेलं, ग्लॉकचा तो नमुना मग पुढच्या वर्षी सेफ्टी काढून १९एक्स म्हणून बाजारात आला, १७ ची मूठ आणि १९ ची स्लाइड. फ्रेंचांनी मात्र २०२० मध्ये १७ जेन ५ च घेतलं.

शब्दवेडी_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचे तर विशेष. दोन दिवस तीन-चारदा लिहून खोडलं. आता असं केलंय: "बोट चापाबाहेर, फ्रेमवर सरळ टेकलेलं. सेफ्टी काढायची नव्हती, घोडा चढवायचा नव्हता. चेंबरात गोळी आहे की नाही एवढंच त्याला आठवेना, आणि स्लाइड ओढून बघावं तर जिन्यात आवाज घुमला असता." हे चालेल का?

जुना_आर्मरर:
चालेल, आणि त्याला आवाज करायची गरजही नाही. स्लाइडच्या उजव्या बाजूला, रिकामं काडतूस बाहेर पडतं त्या खिडकीच्या लगेच मागे एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा, असतो. चेंबरात राउंड असला की तो किंचित बाहेर येतो, अंधारात बोटाला कंगोरा लागतो. तुमच्या मेजरचं बोट फ्रेमवर आहेच, तेच थोडं वर सरकवा.